परतीचा पाऊस ते मार्गशीर्ष: सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर गरवताना पाणी कसे वाचायचे

नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की समुद्र शांत झाला, असे आपण म्हणतो. होडीवाल्यांसाठी ते बरेचसे खरे आहे. किनाऱ्यावर उभे राहून गळ टाकणाऱ्याचा हंगाम मात्र त्या दिवशी सुरू होत नाही. देवगडपासून तेरेखोल खाडीपर्यंतच्या पट्ट्यात सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत पाणी तीनदा पालटते. प्रत्येक वेळी माशांची जागा बदलते, आमिष बदलते आणि वेळही बदलते. ऑक्टोबरात ज्या खडकावर तांबोसे लागले, त्याच खडकावर डिसेंबरात त्याच आमिषाने रात्रभर बसून हात रिकामे राहतात ते याच कारणाने. म्हणून आधी पाण्याबद्दल सविस्तर लिहिले आहे, मग साधनांबद्दल.

पाण्याचे तीन पालट

पहिला पालट परतीच्या पावसाचा. मुंबईतून मॉन्सून परतण्याची सरासरी तारीख 8 ऑक्टोबर आहे, सिंधुदुर्गात त्यानंतर काही दिवस लागतात. तोवर कर्ली, गड आणि तेरेखोल या नद्या लाल गढूळ पाणी समुद्रात ओतत असतात. गोडे पाणी हलके असल्याने ते वर तरंगते आणि खाली खारे पाणी राहते. वरून सगळे गढूळ दिसले तरी तळाला जिताडा, तांबोसा, शेंगटी फिरत असतात. या दिवसांत नजरेने शिकार करणारे मासे किनाऱ्याजवळ फार मिळत नाहीत. वासावर येणारे मिळतात.

याच सुमारास आणखी एक गोष्ट घडते आणि ती फारशी कोणी लक्षात घेत नाही. पावसाळ्यातल्या वाऱ्यांमुळे खोल समुद्रातले थंड, ऑक्सिजन कमी असलेले पाणी तळाने किनाऱ्याकडे चढते. पश्चिम किनाऱ्यावर ही स्थिती सप्टेंबर-ऑक्टोबरात सर्वात तीव्र असते. ऑक्टोबरच्या भर उन्हात पाण्यात पाय घातला आणि अनपेक्षित गार लागला, रंगही गर्द हिरवा असेल, तर ते पाणी किनाऱ्यापर्यंत आलेले असण्याची शक्यता मोठी. अशा दिवशी उघड्या पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) तळाला आमिष टाकून बसू नका. खाडीच्या आत जा, नाहीतर जिथे लाटा फुटून पाण्यात हवा मिसळते अशा खडकाच्या टोकाला जा.

दुसरा पालट साधारण दसऱ्यानंतर सुरू होतो आणि दिवाळीच्या आसपास भरात असतो. नद्यांचे पाणी ओसरते, गाळ खाली बसतो, तारली आणि बांगड्यांचे थवे किनाऱ्याजवळ येतात. त्यांच्यामागे कोकर, तोणकी, सुरमईची पिल्ले येतात. किनाऱ्यावरून गरवण्याचा वर्षातला उत्तम काळ हाच.

तिसरा पालट कार्तिक सरता सरता जाणवतो. किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे वाहत असतो, तो नोव्हेंबरपासून उलटा फिरून उत्तरेकडे वाहू लागतो आणि बंगालच्या उपसागराकडचे कमी खारट पाणी घेऊन येतो. पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, त्यामुळे सकाळी समुद्र तळ्यासारखा दिसतो. पाणी इतके निवळते की जाडी दोरी माशाला दिसते. आता दिवसा मासे बिचकतात. तांबडे फुटण्याआधीचा तास आणि दिवेलागणीनंतरचे दोन तास, एवढ्याच वेळेला खरी किंमत.

पांढऱ्या थाळीची चाचणी

पाणी किती गढूळ आहे हे डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नका. सुमारे 20 सेंटिमीटर रुंदीची पांढरी प्लॅस्टिकची थाळी घ्या. मध्ये भोक पाडून दोरी ओवा, खाली 200 ग्रॅमचे शिसे बांधा आणि दोरीला दर 25 सेंटिमीटरवर गाठ मारा. जेटीवरून किंवा खडकाच्या सावलीच्या बाजूने थाळी सोडा. ती दिसेनाशी झाली की गाठी मोजा. उन्हाची चमक पाण्यावर असेल तर मोजमाप चुकते, म्हणून सूर्याकडे पाठ करून स्वतःच्या सावलीत मोजा.

थाळी 30 सेंटिमीटरच्या आत दिसेनाशी झाली तर फक्त वासाचे आमिष चालेल: तारलीचे तुकडे, म्हाकूल, चेचलेली कोळंबी. 30 सेंटिमीटर ते एक मीटर असेल तर जिवंत कोळंबी किंवा जिवंत शेवटा मासा सर्वात चांगला. एक मीटरच्या पुढे थाळी दिसत असेल तर धातूचा चमचा, रबरी मासा अशी कृत्रिम आमिषे वापरायला हरकत नाही आणि लीडर (दोरीच्या पुढे जोडायचा जाड नायलॉन) एका नंबरने बारीक करावा. हे आकडे शास्त्राचे नव्हेत, वापराचे आहेत. पण रोज त्याच थाळीने मोजले तर महिन्याभरात तुमच्या जागेचा स्वतःचा हिशेब तयार होतो.

भरती-ओहोटी: तिथीवरून अंदाज, तक्त्यावरून खात्री

कोकणात चालत आलेला ठोकताळा असा: तिथीच्या अंकाला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांत प्रतिपदेपासून नव्याने मोजायचे. दसऱ्याची दशमी म्हणजे 10 गुणिले पाऊण, साडेसात. भाऊबीजेची द्वितीया म्हणजे दीड. अष्टमीला सहा. ही वेळ सकाळ-संध्याकाळ दोन्हीकडे लागू होते, कारण आपल्याकडे दिवसातून दोन भरत्या येतात, सुमारे साडेबारा तासांच्या अंतराने. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी.

हा ठोकताळा तासाभराने चुकू शकतो. भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे मालवण-वेंगुर्ल्याची भरती मुंबईच्या आधी येते. मोबाइलवर मुंबईची वेळ पाहून निघालात तर नेमका चांगला तास रस्त्यात जातो. जवळच्या बंदराचा तक्ता पाहा आणि आपल्या जागेवर भरती प्रत्यक्ष कधी पालटली ते चार-पाच वेळा लिहून ठेवा. खाडीत आत गेल्यावर भरती मुखापेक्षा उशिरा पोचते, तोही फरक टिपा.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, अष्टमीच्या आसपास भांग. सिंधुदुर्गात उधाणाला पाण्याची चढ-उतार साधारण दोन-अडीच मीटर, भांगाला त्याहून बरीच कमी. सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या आणि सहाव्या तासाला बारावा हिस्सा, दुसऱ्या आणि पाचव्याला दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मे पाणी चढते. ज्या खडकावर कोरड्या पायांनी गेलात त्यामागची घळ याच दोन तासांत भरते आणि परतीची वाट बुडते.

कोणत्या तासाला कुठे उभे राहायचे, हे सरळ आहे. खाडीच्या मुखाशी ओहोटीचे पहिले तीन तास. आतले पाणी बाहेर पडताना कोळंबी आणि लहान शेवटे ओढून आणते. गढूळ आणि निवळ पाण्याची जिथे रेघ दिसते तिथे मोठा मासा निवळ बाजूला दबा धरून असतो. आमिष रेघेच्या गढूळ बाजूला टाका आणि प्रवाहाबरोबर निवळ बाजूला सरकू द्या. खडकांवर भरतीचे शेवटचे दोन तास आणि ओहोटीचा पहिला. पुळणीवर भरती अर्धी चढल्यापासून पूर्ण होईपर्यंत. मुडदुशी माशांसाठी मात्र भांगाचे संथ पाणी चांगले, कारण उधाणात त्यांचे बारीक आमिष तळाला ठरत नाही.

जागा आधी रिकाम्या हातांनी पाहा

पावसाळ्यातल्या लाटा पुळणीची वाळू ओढून समुद्रात नेतात आणि ऑक्टोबरपासून ती हळूहळू परत चढते. त्यामुळे गेल्या वर्षीची घळ यंदा तिथेच असेल असे धरू नका. कोजागिरीच्या किंवा लक्ष्मीपूजनाच्या आसपास उधाणाची ओहोटी असते. त्या दिवशी गळ न घेता जा. उघड्या पडलेल्या वाळूतून चाला, पाणी साठलेल्या घळी पाहा, त्यांची समुद्राकडची तोंडे कुठे आहेत ते पाहा. मागे वळून माडाचे झाड, घराचा कोपरा, देवळाचा कळस अशा दोन खुणा एका रेषेत धरा आणि फोटो काढा. पाणी चढल्यावर मासे याच घळींच्या वाटेने आत येतात आणि तुम्हाला आमिष नेमके कुठे टाकायचे ते ठाऊक असते.

भरतीच्या वेळी पाहिले तर घळीवर लाट फुटत नाही. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये काळसर गुळगुळीत पट्टा दिसतो. मासा तिथे असतो, आणि माणसाला आत ओढणारा प्रवाहही तिथेच असतो. पट्ट्याच्या काठावर उभे राहा, पट्ट्यात उतरू नका.

मुखांच्या जागा म्हणजे आचरा, तळाशील-सर्जेकोटची गड नदी, देवबागची कर्ली, मोचेमाड आणि तेरेखोल. देवबागला ओहोटीचा ओढा इतका जबर असतो की गुडघाभर पाण्यातही पायाखालची वाळू सरकते. तिथे कोरड्या वाळूवरूनच गरवा. खडकांच्या जागा देवगड, कुणकेश्वर आणि निवतीकडे. उघडी पुळण मिठबाव, तोंडवळी, भोगवे, खवणे.

मालवणच्या समुद्रात 1987 साली सागरी अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर आहे आणि सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगडाच्या भोवतीचा भाग त्याचा गाभा आहे. तिथे गळ टाकू नका. आणि जिथे रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) लावलेली आहे किंवा ओढली जात आहे, तिथून लांब राहा. रापणकरांचा तो पोटाचा धंदा आहे, तुमचे शिसे त्यांच्या जाळ्यात अडकले तर दोर कापून मोकळे व्हायचे, वाद घालायचा नाही. रापण ओढून झाल्यावर मात्र तासाभराने त्याच जागेच्या कडेला गळ टाका. सांडलेल्या बारीक मासळीवर मोठे मासे येतात.

वारा आणि लाट

ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहाटे वारा जमिनीकडून येतो, दुपारी अकरा-बारानंतर वायव्येकडून खारा वारा सुरू होतो आणि संध्याकाळी पडतो. फेक लांब जाण्यासाठी पहाट चांगली. दुपारच्या वाऱ्यात हलकी दोरी फुग्यासारखी वळते आणि मासा लागल्याचे हाताला कळत नाही.

लाटेच्या अंदाजासाठी हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा समुद्रस्थिती अंदाज रोज पाहा. त्यात दोन आकडे महत्त्वाचे: लाटेची उंची आणि दोन लाटांमधला काळ. अंदाजात दिलेली उंची ही सर्वात मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी लाट त्याच्या जवळपास दुप्पटही येऊ शकते. एक मीटर आणि 7-8 सेकंद असेल तर खडकावर काम होते. उंची दीड मीटर असेल, किंवा उंची कमी असूनही काळ 14 सेकंदांच्या पुढे असेल, तर खडक सोडा. लांब काळाच्या लाटा दूर दक्षिणेच्या समुद्रातून येतात. इकडे वारा नसतो, आकाश निळे असते, दहा-दहा मिनिटे काही होत नाही आणि मग एकामागून एक तीन लाटा खडकाच्या माथ्यावरून जातात.

म्हणून खडकावर पोचल्यावर आधी 20 मिनिटे वर बसून पाहा. सामान उघडू नका. पाणी कुठवर चढते ते पाहा आणि सर्वात उंच ओल्या रेषेच्याही दोन मीटर वर जागा धरा. काळा ओला खडक म्हणजे तिथे लाट येते. हिरवे शेवाळ असेल तर रबरी चप्पल अजिबात टिकत नाही. तळाला लोखंडी खिळे किंवा जाड नमदा लावलेले बूट घाला. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, हातमोजे ठेवा.

अरबी समुद्रात ऑक्टोबर ते डिसेंबर हा वादळांचाही काळ. नोव्हेंबर 2009 चे फयान, डिसेंबर 2017 चे ओखी, ऑक्टोबर 2019 चे क्यार, ही सगळी याच महिन्यांतली. क्यार किनाऱ्याला धडकले नाही, तरी सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर पाणी घरांपर्यंत आले. बंदरावर धोक्याचा बावटा लागला असेल तर त्या दिवशी गळ घरीच. दुपारनंतर सह्याद्रीकडून ढग गडगडत आले तर कार्बनची काठी हातात धरू नका. वीज चमकल्यापासून 30 सेकंदांच्या आत आवाज आला की काठी आडवी ठेवून किनारा सोडा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

काठी, दोरी, गाठी

पुळण आणि मुखासाठी 12 फुटी काठी, जी 80 ते 150 ग्रॅम वजन फेकू शकेल. रीळ 6000 नंबरचे. त्यावर 30 पौंडी (तेवढा ताण सोसणारी) विणलेली दोरी 250 मीटर. विणलेली दोरी गुळगुळीत रिळावर थेट गुंडाळली तर मोठा मासा ओढायला लागताच सगळी दोरी रिळावर गरगर फिरते आणि ब्रेक असून नसल्यासारखा होतो. म्हणून आधी 15-20 मीटर साधा नायलॉन, मग विणलेली दोरी. पुढे 50 पौंडी नायलॉनचा लीडर, काठीच्या दीडपट लांबीचा. फेकताना लीडरचे पाच-सहा वेढे रिळावर असले पाहिजेत. नाहीतर 100 ग्रॅम शिशाचा झटका बारीक दोरीवर येतो, ती तुटते आणि शिसे कोणाच्या तरी दिशेने जाते.

रिळाचा ब्रेक हाताने ओढून ठरवू नका. सामान मोजायचा हुकाचा काटा दोरीला लावा. 30 पौंड म्हणजे साधारण साडेतेरा किलो. त्याच्या पावपट, सुमारे 3.4 किलोला दोरी सुटली पाहिजे. खडकात तांबोशासाठी हा आकडा साडेचारपर्यंत न्या, कारण गळ लागताच तो सरळ कपारीत घुसतो आणि पहिल्या तीन सेकंदांत त्याला वळवला नाही तर संपले.

जुळणी दोन प्रकारची पुरते. मोठ्या माशासाठी सरकते शिसे: लीडरमध्ये भोकाचे शिसे ओवा, खाली एक मणी, मग भोवरा (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी), आणि भोवऱ्यापुढे 40 ते 60 सेंटिमीटर 50 पौंडी नायलॉन व गळ. मणी विसरलात तर शिसे गाठीवर आपटून ती कुरतडते. जिवंत कोळंबीला 3/0, तारलीच्या तुकड्याला किंवा जिवंत शेवट्याला 5/0 चा गोल वळणाचा गळ. मुडदुशी आणि लहान ढोम्यांसाठी तळाला 60 ग्रॅम शिसे आणि वर 20-20 सेंटिमीटरच्या दोन फांद्या, 6 ते 8 नंबरचे लहान गळ.

खडकाळ तळात शिसे अडकणारच. तेव्हा शिसे वेगळ्या 10 पौंडी बारीक दोरीने बांधा. अडकले तर फक्त शिसे जाते, गळ आणि मासा हाती राहतो. तोणकी आणि बळ्याचे दात नायलॉन कापतात, त्यांच्या दिवसांत 20 सेंटिमीटर बारीक तार लावा. तार लावल्यावर तांबोसा आणि जिताडा मात्र आमिष घेताना बिचकतात, म्हणून नायलॉन स्वच्छ कापला गेल्याशिवाय तार लावू नका. कापला जाण्याचे दुसरे कारण केंड. दोरी कापलेली आहे, आमिषाला गोल चावे आहेत आणि काठीला फक्त टकटक जाणवली, तर तो केंड. पन्नास पावले सरका. केंड विषारी आहे, शिजवूनही विष जात नाही. घरी नेऊ नका, मांजरालाही घालू नका.

आमिष

जिवंत कोळंबी खाडीतून पागून (फेकजाळ्याने धरून) आणलेली सर्वात चांगली. दहा लिटरच्या बादलीत 15-20 पेक्षा जास्त ठेवू नका. पाणी त्याच खाडीचे हवे. नळाचे पाणी घातले तर क्लोरीनने कोळंबी मरते, आणि समुद्राचे घातले तर खारटपणाच्या अचानक फरकाने. बॅटरीवरचा हवेचा पंप, बादलीवर ओले गोणपाट आणि आत गोठवलेल्या पाण्याची बंद बाटली. दर अर्ध्या तासाने एक-तृतीयांश पाणी बदला. गळ डोक्यावरच्या काटेरी शिंगाच्या मुळाशी, आतल्या काळ्या ठिपक्याच्या पुढून आडवा घाला. ठिपक्यात घुसला तर कोळंबी तिथेच मरते.

तारली मऊ असते, फेकताना सुटून जाते. एक किलो ताज्या तारलीला पाव किलो जाडे मीठ लावून चाळणीत रात्रभर ठेवा, पाणी गळू द्या. सकाळी मांस घट्ट होते. डोके आणि शेपटी काढून दोन तुकडे करा आणि बारीक लवचीक धाग्याचे दहा-बारा वेढे द्या. गळाचे टोक पूर्ण उघडे राहिले पाहिजे. गोल वळणाचा गळ आमिषात बुडाला की तो माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात वळत नाही, आणि मग लोक गळालाच दोष देतात.

आमिष दर 15 मिनिटांनी पाहा. पहिल्या पालटात तळाला खेकडे फार असतात. आमिष कातरलेले येत असेल तर गळाच्या वर दोन इंचांवर थर्माकोलचा किंवा कॉर्कचा लहान तुकडा ओवा, आमिष तळापासून थोडे वर तरंगते.

लागल्यावर

गोल वळणाचा गळ असताना झटका मारायचा नाही. सवयीमुळे हेच सर्वात अवघड जाते. काठी वाकली, दोरी सरकू लागली की फक्त रीळ फिरवा, दोरी ताठ होऊ द्या. झटका मारला तर आमिष तोंडातून निघून येते. जिताडा उडी मारून डोके झटकतो, त्या क्षणी काठीचे टोक पाण्याकडे खाली न्या. पुळणीवर आणताना लाटेचा उपयोग करा: लाट आत येताना रीळ फिरवा, लाट मागे जाताना नुसते धरून राहा. बहुतेक मासे शेवटच्या पाच मीटरमध्ये, मागे जाणाऱ्या पाण्याशी ओढाओढ केल्यामुळे सुटतात. खडकावरून माशासाठी खाली उतरू नका, लांब दांड्याची झोळी ठेवा.

जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड सुरीसारखी असते, तिथे बोट घालू नका. शेंगटीला तीन काटे असतात, एक पाठीवर आणि दोन बाजूंना. फडक्याने धरून आधी पक्कडीने गळ काढा. पुळणीवर पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत न्या, म्हणजे बसलेले पाकट आधीच सरकते. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम, साधारण 45 अंशांच्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवा. पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासा, कारण दुखऱ्या पायाला चटका कळत नाही. चिरा मारू नका, चोखू नका. काटा आत तुटला असेल किंवा जखम पोट-छातीवर असेल तर थेट दवाखाना. समुद्रात कोणी अडकले तर तटरक्षक दलाचा 1554, सागरी पोलिसांचा 1093, नाहीतर 112.

बर्फ, आणि परत सोडायचे मासे

ऑक्टोबरच्या उन्हात मासा वाळूवर पडू देऊ नका. लागल्याबरोबर डोक्यात मारून बेशुद्ध करा, कल्ल्याची शीर कापा, पाच मिनिटे बादलीत रक्त जाऊ द्या आणि बर्फाच्या पाण्यात घाला: दोन भाग बर्फ, एक भाग समुद्राचे पाणी. नुसत्या बर्फाच्या खड्यांपेक्षा हे मिश्रण माशाला सगळीकडून लवकर गार करते. बांगडा, तारली, सुरमई यांच्याबाबत हे फारच आवश्यक आहे. या माशांत उष्णतेने हिस्टामिन तयार होते आणि ते शिजवून नष्ट होत नाही. अंगावर चकंदळे उठली की लोक मासा बाधला म्हणतात, त्यामागे बऱ्याचदा हेच असते.

महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये 54 जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली आहे. मोजपट्टी पेटीत ठेवा आणि लहान मासा ओल्या हातांनी धरून परत सोडा. जिताड्याचे मात्र उलट आहे: तो आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे सर्वात मोठे जिताडे बहुधा अंड्यांच्या माद्या. एक मीटरच्या आसपासचा जिताडा सोडून द्यावा असे आमचे ठाम मत आहे, ताटात मध्यम आकाराचाच अधिक चवदार लागतो. नोव्हेंबरपासून वायंगणी, तांबळडेग अशा पुळणींवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येऊ लागतात. रात्री पांढरी विजेरी समुद्राकडे फिरवू नका, लाल दिवा वापरा आणि कासव दिसले तर दोरी गुंडाळून लांब बसा.

वही

घरी आल्यावर रीळ गोड्या पाण्याच्या बारीक धारेने धुवा, ब्रेक सैल करून ठेवा, नाहीतर आतल्या चकत्या चिकटतात. मग हात धुऊन त्याच दिवशी नोंद करा. एका ओळीत मावेल इतकीच, अशी: अश्विन वद्य तृतीया, आचरा मुख, भरती पालटली 2:10 दुपारी, थाळी 60 सेंटिमीटर, पाणी पायाला कोमट, वारा वायव्य हलका, जिवंत कोळंबी, 3:20 ते 4:15 तांबोसे 2, शेंगटी 4, साडेचारनंतर काही नाही.